पाणी कुठवर आलं

आमच्या गावात पुराचं माप फुटात नसतं.
दुतोंड्या मारुतीच्या घोट्याला लागलं, गुडघ्याला लागलं.
कमरेला आलं की भांडीबाजारात शटरं खाली येतात.
छातीला आलं की बाबा मला खांद्यावर घेऊन पुलावर न्यायचे,
म्हणायचे, बघ. लांबून बघ.

सगळं गाव पाणी असंच शिकलं,
लांबून,
दुसऱ्याच्या अंगावर मोजून.

सायकलचं तसं नाही.
सायकलवर मी कोण ते मला पक्कं ठाऊक आहे.
रविवारी पहाटे साडेचारला त्र्यंबक रोड,
अंजनेरीच्या पायथ्याशी पहिला चहा,
येताना तोंडावर वारा, आणि त्याला माझ्या शिव्या.
मांडीवर उन्हाची रेघ: वर एक बाई, खाली दुसरी.
वरची पतपेढीत कॅशियर आहे.

मग ग्रुपमधला वैजनाथ म्हणाला, ट्रायथलॉन कर की.
सायकल तर येतेच तुला, उरलं काय,
थोडं पोहायचं, थोडं पळायचं.
जसं कुणी म्हणावं, पुरण तर येतंच तुला,
उरली फक्त पोळी.

तर एकेचाळिसाव्या वर्षी मी
तरणतलावाच्या उथळ टोकाला, कठडा धरून.
घाट चढवणारे माझे पाय पाण्यात नुसते दगड,
जितके मारावेत तितके खाली जाणारे.
बाजूनं सात वर्षांचा अद्वय सुळ्ळकन गेला,
परत आला, चष्मा वर केला:
काकू, तुम्ही कालपण इथंच होतात ना?

तरन्नुम मॅडम शिट्टी तोंडातून काढून ओरडतात,
श्वास सोडा ताई, सोडा,
साठवताय कशाला, पतपेढी आहे का!

सोडला.
नाकातून बुडबुडे, डोळ्यांपुढे निळ्या फरश्या,
आणि फरशांमधली एक कुणाचीतरी हेअरपिन.
ती हेअरपिन पुढच्या टोकाला होती.
म्हणजे मी हलले होते.

पळण्याचं वेगळंच.
गिरणाऱ्यापर्यंत सायकल मारून परत यायचं,
बूट बदलून लगेच पळायला लागायचं, तर
पाय अजून पेडलच मारत असतात,
डांबर थांबलंय हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.
द्राक्षबागेत फवारणी करणारा माणूस पंप थांबवून बघतो.
काय झालं ताई? कुत्रं लागलं का मागं?
नाही दादा, पैसे भरलेत.

जानेवारीत धरणाच्या बॅकवॉटरला
अंगावर काटा, डोक्याला पिवळी टोपी,
दंडावर मार्करनं एकशे अठ्ठ्याहत्तर.
भोंगा झाला.
घोटा.
गुडघा.
कंबर, इथं मनातली शटरं पडली.
छाती.
आणि मग खाली फरशा नव्हत्या,
हेअरपिन नव्हती,
हिरवट काळोखात माझाच हात यायचा आणि जायचा.
मध्ये दोनदा उताणी झाले, आभाळ बघितलं,
कयाकवाल्या पोरानं विचारलं, धरायचंय का?
धरलं. खोटं कशाला बोलू.
मग सोडलं.

बाहेर आले तेव्हा स्टँड रिकामा,
सगळे कधीच गेलेले,
माझी सायकल तेवढी एकटी उभी,
उशीर झाला की आई फाटकाशी उभी राहायची तशी,
काही न बोलता.
हेल्मेटचा पट्टा लागेना, बोटं थंडगार,
पण टाच पेडलला लागली आणि
इतका वेळ दगड असलेले पाय
घरी आले.

पळताना किती वेळा चालले ते सांगत नाही.

संध्याकाळी बाबांचा फोन.
निकाल विचारला नाही, कितवी आलीस विचारलं नाही.
पाणी कुठवर होतं?
डोक्यावरून, बाबा.
पलीकडे नुसता टीव्हीचा आवाज.
मग?
मग काही नाही.
सायकल घेतली.